पेला हाती देण्याचं वय

दोन वर्षांपूर्वीच्या रमजान ईदची सकाळ आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. ईदगाहहून मंडळी परतली होती, दस्तरखान अंथरला होता, शीरखुर्म्याच्या वाट्या भरल्या जात होत्या. घरातली सगळी पोरं आपापल्या वाटीवर तुटून पडली. आमचा धाकटा तेवढा वाटीकडे बघेना. वय अडीच वर्षं. "बाटलीत पाहिजे" म्हणून त्याने भोकाड पसरलं. दारात पाहुणे, हातात दहा कामं. आम्ही शीरखुर्मा गाळला, खारीक, चारोळी, शेवया बाजूला काढल्या आणि नुसतं गोड दूध बाटलीत भरून त्याच्या हाती दिलं. घर शांत झालं.

मोठ्या फुफींच्या मांडीवर आडवा होऊन तो बाटली ओढत होता. फुफींनी त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच वर केला आणि विचारलं, "दुल्हन, याच्या दातांना हे काय झालं?"

वरच्या समोरच्या चारही दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टे आले होते. आम्हाला ते दिसले नव्हते असं नाही. कसल्यातरी औषधाचे डाग असतील, शिवाय दुधाचेच तर दात, पडून नवे येतील, अशी आमची समजूत होती. ईदनंतरच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक दात काढावा लागला, दोन भरावे लागले. अडीच वर्षांच्या लेकराला खुर्चीत दोघांनी धरून ठेवायचं म्हणजे काय, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच कळेल.

त्यांच्याच सांगण्यावरून पुढे मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासणीत रक्तही कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात बाटल्या किती?" आम्ही बोटं मोजली. सकाळी उठल्या उठल्या एक, अकराला एक, दुपारी झोपताना एक, संध्याकाळी एक, रात्री झोपताना एक, आणि मध्यरात्री रडला तर आणखी एक. सव्वा लिटरच्या आसपास दूध, तेही साखर घातलेलं. "मग भाकरी कधी खातो?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो जेवत नाही म्हणून आम्ही दूध देत होतो, आणि दुधाने पोट भरतं म्हणून तो जेवत नव्हता.

मुलांच्या झोपेवर लिहिल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: बाटलीशिवाय मूल झोपतच नाही, काय करावं? म्हणून आज आमच्याच घरची ही गोष्ट आधी सांगितली. या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो ते एका वाक्यात सांगायचं तर, बाटलीची सवय मुलापेक्षा घराला जास्त असते. घराने सोडली की मूल सोडतं.

दोन वर्षं आणि दोघांचा सल्ला

आमच्याकडे एक गैरसमज सर्रास ऐकू येतो. "कुरआनात दोन वर्षं सांगितली आहेत, मग बाटली दोन वर्षं चालली तर बिघडलं कुठे?" सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीत दोन वर्षांचा उल्लेख आहे, पण तो आईच्या दुधाचा आहे, बाटलीचा नाही. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पहिले सहा महिने तर फक्त आईचं दूध. उन्हाळा असला तरी वरचं पाणीसुद्धा नको, कारण बाळाला लागणारं पाणी त्या दुधातच असतं. काही कारणाने आईचं दूध पुरत नसेल तर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. त्यात त्या आईला दोष देण्यासारखं काही नाही.

त्याच आयतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचं लक्ष फार उशिरा गेलं. दूध सोडवायचं तर ते आई आणि वडील या दोघांच्या संमतीने आणि आपसातल्या सल्ल्याने व्हावं, असं तिथे सांगितलं आहे. आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी वडिलांवर टाकली आहे. म्हणजे मुलाचं पिणं ही एकट्या आईने निस्तरायची बाब नाही. आमच्या घरात काय होत होतं? आई बाटली लपवायची, दादी दया येऊन शोधून द्यायची आणि अब्बू कामावरून येताना नवी बाटली आणायचे. प्रत्येक जण प्रेमानेच करत होता. पण मशवरा झालाच नव्हता.

एक कायदाही सांगून ठेवतो, कारण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या देशात १९९२ साली बाळांचं डब्यातलं दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळांचं तयार अन्न यांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला या कायद्याने मनाई आहे. साबणाची, बिस्किटाची जाहिरात चालते, पण या बाटलीची नाही. एवढी काळजी सरकारला का घ्यावी लागली, हा विचार आम्ही बाटली विकत घेताना कधी केला नव्हता.

बाटलीने नेमकं काय होतं

पहिली गोष्ट दातांची. पेल्यातून प्यायलेलं दूध घोटाघोटाने घशाखाली जातं. बाटलीतलं दूध झोपेत तोंडात साचून राहतं. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून दात धुतले जात नाहीत. दुधातल्या साखरेवर तोंडातले जंतू वाढतात आणि त्यांच्या आम्लाने दात पोखरला जातो. वरचे समोरचे दात आधी जातात, कारण बाटलीचं बूच त्यांच्याच मागे टेकलेलं असतं. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं. दुधाचे दात पडणारच, हे खरं. पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. किडलेला दात दुखतो, मूल चावायचं टाळतं, पू झाला तर खालून येणाऱ्या पक्क्या दातालाही धोका असतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. दुधाने पोट भरलं की भाकरी, डाळ, पालेभाजी, खिमा, अंडं यांना जागा राहत नाही, आणि लोह तर त्यांच्यातच असतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. दर तीन मुलांमागे दोन. याचं सगळं खापर बाटलीवर फोडता येणार नाही. पण दूध पिऊन गुटगुटीत दिसणारं मूलही फिकट असू शकतं, हे आम्ही आमच्याच घरात पाहिलं. एक वर्षापर्यंत गाई-म्हशीचं दूध पिण्यासाठी देऊच नये, आणि वर्षानंतर दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर, म्हणजे मध्यम आकाराचे दोन-तीन पेले पुरे, असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं.

तिसरी गोष्ट पोटाची. बाटलीचं बूच, त्याची कड, आतली खाच या जागा नीट घासल्या जात नाहीत. अर्धी उरलेली बाटली तासाभराने परत तोंडात जाते. हगवण लागते, आणि मग त्याच बाटलीतून साखर-मिठाचं पाणी दिलं जातं. जुलाबात ओआरएस द्यायचं ते वाटी-चमच्याने, थोडं थोडं. चौथी गोष्ट कानाची. आडवं पडून बाटली ओढणाऱ्या मुलांचे कान वारंवार दुखतात, फुटतात. घशातून कानाकडे जाणारी नळी या वयात आखूड आणि आडवी असते, तिथवर दूध पोचू शकतं.

पूर्वी काय होतं

दादी सांगतात, त्यांच्या लेकरांच्या वेळी घरात बाटली नव्हतीच. लांब चोचीचं बोंडलं होतं. आईचं दूध कमी पडलं तर बोंडल्याने, नाहीतर वाटी-चमच्याने पाजायचे. मूल बसायला लागलं की अब्बांच्या पेल्याला तोंड लावायचं. आज नवजात बाळांच्या वॉर्डातही, ज्या बाळाला ओढता येत नाही त्याला वाटीने किंवा बोंडल्यासारख्या भांड्याने दूध पाजायला शिकवतात. बोंडलं, वाटी, पेला यांचा मोठा गुण म्हणजे ती उघडी असतात. एका हाताने स्वच्छ घासली जातात, आत डोकावलं की मळ दिसतो.

सहा महिने झाले, वरचं अन्न सुरू झालं की जेवणाबरोबर दोन घोट पाणी पेल्याने द्यायला सुरुवात करावी. पेला आपण धरायचा, कड खालच्या ओठावर टेकवायची आणि बाळाला स्वतःच ओठ मिटू द्यायचे, ओतायचं नाही. नऊ-दहा महिन्यांचं बाळ दोन्ही हातांनी पेला धरू पाहतं. वर्षाच्या सुमाराला ते बऱ्यापैकी जमतं. सांडतं, पण जमतं. एक वर्षापासून बाटली कमी करत दीड वर्षापर्यंत ती पूर्ण सुटावी, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. हे वय सोपं आहे. अडीच वर्षांच्या मुलाला हट्टही येतो आणि शब्दही, तेव्हा झगडा दुप्पट होतो. आम्ही तो केला आहे.

बाजारात मिळणाऱ्या सिपरबद्दल दोन शब्द. न सांडणारा सिपर आईला आवडतो. पण न सांडण्यासाठी त्यात आत पडदा असतो आणि मुलाला तो ओढावाच लागतो, म्हणजे ती दुसऱ्या आकाराची बाटलीच. प्रवासात पाण्यासाठी ठीक. घरात मात्र छोटा, जाड कडेचा स्टीलचा पेला घ्यावा आणि त्यात एका वेळी दोनच घोट ओतावेत. सांडलं तर दोन घोटच सांडतील.

आम्ही कशी सोडवली

पहिला प्रयत्न फसला. डॉक्टरांकडून आलो त्याच रात्री सगळ्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. दोन रात्री घर जागं राहिलं. तिसऱ्या रात्री दोन वाजता दादींनी माळ्यावरून एक बाटली उतरवली. त्यांना दोष कसा द्यायचा? सकाळी फजरला उठणाऱ्या, रक्तदाब असलेल्या बाईला तिसरी रात्र जागायची होती. शिवाय त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग जुम्माच्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर सगळे बसलो. दातांचा आणि रक्ताचा अहवाल दादींना समजावून सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतं ना." त्या दिवसापासून बाटली सोडवण्याचं काम त्यांच्याकडेच गेलं.

सुरुवात साखरेपासून केली. एका बाटलीत दोन चमचे जात होती, ती आठवड्यात शून्यावर आणली. मग बाटल्या. सगळ्यात सोपी आधी, सगळ्यात अवघड शेवटी. अकराची बाटली आधी गेली, कारण तेव्हा तो खेळात असतो. तिच्या जागी पोळीचा रोल आणि पेल्यात पाणी. चार-पाच दिवसांनी संध्याकाळची गेली. मग सकाळची; तिचं दूध पेल्यातून, दादींच्या चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसून. मग दुपारची. राहिली रात्रीची. तिच्यात दर दोन-तीन दिवसांनी दूध कमी आणि पाणी जास्त करत गेलो. शेवटी नुसतं पाणी उरलं, आणि पाण्यासाठी बाटली ओढायची त्याला गोडी राहिली नाही. (हा उपाय एक वर्षावरच्या, जेवणाऱ्या मुलासाठीच आहे. लहान बाळाचं दूध पाणी घालून पातळ करणं धोक्याचं असतं, ते कधीही करू नये.)

झोपताना बाटलीच्या जागी काहीतरी लागतंच. आम्ही क्रम बांधला: पेल्याने दूध, मग मऊ ब्रशने दात, मग झोपेची दुआ, मग दादींची एक गोष्ट. टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. अब्बू मिस्वाक करायला बसले की तोही आपला ब्रश घेऊन शेजारी बसायला लागला. मिस्वाकची सुन्नत आम्ही मोठे पाळत होतो, पण लेकराच्या तोंडात दात आल्यापासून दीड-दोन वर्षं कुणी बोट फिरवलं नव्हतं, याची लाज वाटली.

महिना लागला. मध्ये एका लग्नाला गेलो आणि एसटीत तो रडला म्हणून बाटली दिली. परत आल्यावर चार दिवस मागे गेलो. म्हणून सांगतो, प्रवास, आजारपण, घरात नवं बाळ येण्याचे दिवस, यांत ही मोहीम सुरू करू नये. आणि बाटल्या एकदा सुटल्या की घरात ठेवू नयेत. लपवलेली बाटली मुलापेक्षा मोठ्यांनाच आधी सापडते.

तिसऱ्या आठवड्यात त्याने जेवणाच्या वेळी स्वतःहून भाकरीचा तुकडा मागितला. दादींनी तो तुकडा खिम्यात बुडवून दिला आणि दुपट्ट्याने डोळे पुसले.

बाटली गेली, चहा आला तर?

दूध सुटलं की अनेक घरांत मुलाच्या हाती चहा येतो. अर्धा कप, बिस्किट बुडवून. आमच्याकडे पाहुणा आला की चहा, पाहुणा गेला की चहा, आणि मांडीवरच्या मुलाला बशीत थोडा. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या मुलाला जेवणाबरोबर चहा देणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. मोठ्यांनीही, विशेषतः गरोदर बायकांनी, जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. जेवणात लिंबू पिळलं तर लोह शोषायला उलट मदत होते.

रमजानमध्ये इफ्तारचं लाल सरबतही असंच. मोठ्यांचा दिवसभराचा रोजा असतो. लेकरं मात्र दिवसभर खाऊन-पिऊन इफ्तारला तीन-तीन ग्लास सरबत पितात. त्यांच्यासाठी वेगळा जग ठेवावा: पाणी, लिंबू, चिमूटभर मीठ, अगदी थोडी साखर, सब्जा हवा तर. नाहीतर ताक. तीन-चार वर्षांच्या मुलाला खजूर बी काढून, बारीक तुकडे करून द्यावा. पाकिटातले रस नकोतच.

दप्तरातली बाटली, फ्रिजमधली बाटली

मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांची बाटली सकाळी भरून जाते आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. आमच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि शाळेचं बाथरूम घाण असतं. कितीतरी मुली हेच करतात. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, दुपारी डोकं दुखणं. हा विषय पालकसभेत लाजून टाळू नये. चार आया मिळून बोलल्या तर शाळा ऐकते. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली, नंतर इतर राज्यांतही ती वाजू लागली. आपल्या शाळेत, मकतबमध्ये अशी घंटा वाजायला पैसा लागत नाही. मूल पुरेसं पाणी पितं की नाही, हे पाहायची सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय.

बाटली स्टीलची, रुंद तोंडाची घ्यावी, म्हणजे आत हात किंवा ब्रश जातो. झाकणातलं रबरी वॉशर आणि नळी काढून दररोज साबणाने घासावी. वास येतो तो तिथूनच. रात्री झाकण उघडं ठेवून बाटली उपडी सुकवावी. विकतच्या पाण्याची पातळ प्लास्टिकची बाटली महिनोन्महिने भरून वापरू नये, ती तशा वापरासाठी केलेली नसते. तांब्याच्या बाटलीत पाणीच ठेवावं. लिंबू सरबत, ताक, कैरीचं पन्हं ठेवू नये, आंबटाने तांबं उतरतं.

आता फ्रिजमधली बाटली. उन्हातून आलेला प्रत्येक जण तीच उघडतो आणि तोंड लावून पितो. आम्हीही तेच करत होतो. मशकीच्या तोंडाला तोंड लावून पिण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. पिताना भांड्यात श्वास सोडू नये, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. भांडं तोंडापासून दूर करून, तीन श्वासांत प्यावं. चौदाशे वर्षांपूर्वी मशक होती, आज फ्रिजमधली बाटली आहे. तोंड तेच, पाणी तेच, मागून पिणारा तोच. घरात एक खोकला आला की आठ जणांना का लागतो, याचं एक उत्तर फ्रिजच्या दारात उभं असतं. आता आमच्याकडे माठाशेजारी पेल्यांचा स्टँड आहे. ओतून घ्यायचं, बसायचं, बिस्मिल्लाह म्हणायचं, उजव्या हाताने प्यायचं. चार वर्षांचा मुलगा हे कुणी न शिकवता शिकला, कारण घरात सगळे तसं करतात. आणि सगळे जोवर फ्रिजपाशी उभे राहून बाटली तोंडाला लावत होते, तोवर त्याने आपली बाटली का सोडावी, हे त्याला समजणं शक्यच नव्हतं.

पाजणारी शेवटी पिते

सहीह मुस्लिममध्ये अशीही शिकवण आहे की लोकांना पाजणाऱ्याने स्वतः शेवटी प्यावं. आमच्या घरांतल्या बायका याचा पहिला भाग मनापासून पाळतात. सगळ्यांना वाढतात, सगळ्यांना पाजतात. पण शेवटी का होईना, प्यायचं आहे, हा दुसरा भाग राहून जातो. दूध पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते. तिच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवणं हे घरातल्या कुणाचंही काम असू शकतं, आणि अब्बूंचं तर आहेच. रमजानमध्ये गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. सवलत घेणाऱ्या सुनेला टोमणा मारू नये. जी रोजा ठेवते तिने इफ्तार ते सहरीच्या दरम्यान थोडं थोडं करून पाणी प्यावं. सहरीला एकदम चार ग्लास पिऊन उपयोग होत नाही.

शेवटी बुखारीतलाच एक प्रसंग सांगतो, तो आम्हाला फार आवडतो. प्रेषितांपुढे (स.) पेय आणलं गेलं. ते प्याले. त्यांच्या उजव्या बाजूला एक मुलगा बसला होता आणि डावीकडे वयाने मोठी माणसं. पेला उजवीकडे द्यायची रीत. त्यांनी मुलाला विचारलं, हा आधी मोठ्यांना देण्याची परवानगी देतोस का? मुलाने नम्रपणे नकार दिला. तुमच्याकडून मिळणारा माझा वाटा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला. आणि प्रेषितांनी (स.) पेला त्याच्याच हातात ठेवला. मोठ्यांच्या बैठकीत लहान मुलाची पाळी मानली गेली. त्याला विचारलं गेलं, आणि त्याच्या हातात पेला दिला गेला.

यंदाच्या ईदला आमचा धाकटा दस्तरखानावर अब्बूंच्या उजव्या हाताला बसला होता. समोर एका दाताची फट अजून आहे, पक्का दात यायला अजून काही वर्षं जातील. पहिली वाटी अब्बूंनी त्याला दिली. निम्मा शीरखुर्मा नव्या कुर्त्यावर सांडला. मोठ्या फुफींनी त्यांच्या रुमालाने कुर्ता पुसला आणि दादींना म्हणाल्या, "सांडू दे. हा डाग धुतला की निघतो."

अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना आरोग्य देवो आणि आपल्याला त्यांना वेळेवर बघण्याची नजर देवो. आमीन.